दुर्गव्वाची डुकरीण

"मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे," वनकचेरीत मला बसवत कुलथे रेंजर म्हणाले आणि त्यांनी गार्डला खूण केली.

गार्डनं बांबूची एक पाटी आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. वरचं गोणपाट सोडलं तर आत तीन पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. दहा-बारा दिवसांची असतील. तपकिरी अंग, आणि मानेपासून शेपटीपर्यंत फिकट पिवळे पट्टे. एकाचा मागचा खूर पांढरा होता.

"कसली आहेत?"

"रानडुकराची," मी म्हणाले. विचारही केला नाही. गावडुकराच्या पिल्लाला पट्टे नसतात, रानडुकराच्या पिल्लाला असतात आणि चार-सहा महिन्यांत ते जातात, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. तेवढं रेंजरांना ऐकवलंसुद्धा. त्यांनी मान डोलावली आणि छापील दाखला पुढे सरकवला. त्यावर दोनच रकाने होते, 'पाळीव' आणि 'वन्य'. मी दुसऱ्यात खूण केली, खाली सही ठोकली आणि शिक्का मारला.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. निगडोळीच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू होऊन सहा महिने झाले होते. पुरुष डॉक्टर असता तर बरं झालं असतं, हे गाव मला रोज एकदा तरी सुचवत होतं. त्यामुळे कुणी मला काही विचारलं की उत्तर चटकन आणि मोठ्यानं द्यायचं, अशी मला सवयच लागली होती. पुढं ती महागात पडली.

वनखात्याच्या त्या कचेरीच्या पडवीत खांबाला टेकून एक माणूस उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, दगड फोडून हातांची बोटं जाड झालेला. नाव यल्लाप्पा कुसाळकर, वडार वस्तीतला. गुरुवारच्या बाजारात हीच पाटी घेऊन तो बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पिल्लं कौतुकानं दाखवत होता. तिथंच त्याला धरलं.

"कुठून आणलीस रे?" जाता जाता मी विचारलं. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता. तेव्हा त्या 'रे'चं मला काही वाटलं नाही.

"रानात घावली, बाई." त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. पाटीकडं पाहत म्हणाला, "त्यास्नी तासातासाला दूध लागतंय. तेवढं बगा."

"बघतात ते."

रेंजर मला फाटकापर्यंत सोडायला आले. वाईट माणूस नव्हता तो. त्या वर्षी त्यांच्या हद्दीत रानडुकरांसाठी फासे लावले जात होते, दोनदा पकडलेली माणसं पुराव्याअभावी सुटली होती आणि वरून त्यांनाच बोलणी बसली होती. "या खेपेला कबुली आहे आणि तुमचा दाखलाही," ते म्हणाले. "उद्या तीन वाजता कोर्टात उभा करतो. यात सहजासहजी जामीन होत नाही. दोन-तीन महिने तरी आत जाईल. आई मारून पिल्लं उचलली असणार. ही माणसं असंच करतात."

मीही "हो ना" म्हणाले. पिल्लांना गाईचं दूध कोमट करून थेंबाथेंबानं पाजा, असं गार्डला सांगितलं आणि घरी जाऊन शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोर जनावर अडकवायच्या लाकडी खोड्यात एक म्हैस उभी होती आणि मी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून तिच्या मागं उभी होते. तेवढ्यात फाटकाशी मलमपट्टी करणाऱ्या आमच्या ड्रेसरचा, रंगरावचा, आवाज चढला.

"डुकराचं इथं काय नाय. जा, जा."

"का न्हाई? म्हशीला दवाखाना, कोंबडीला दवाखाना, आन् डुकराला न्हाई व्हय? पाटीवर काय लिवलंय? जनावरांचा दवाखाना म्हनूनच लिवलंय न्हवं?"

"तुला वाचता येतं का?"

"मला न्हाई येत. तुला येतंय, तूच वाच की."

मला हसू आलं. म्हशीचं काम आटपून मी फाटकाशी गेले. उंचीनं बुटकी, उन्हानं रापलेली एक बाई कमरेवर हात देऊन उभी होती. डुकरीण तापली आहे, म्हणाली. कालपासून कण्हतेय, कुणाला पोटाजवळ येऊ देत नाही. व्यायला बारा दिवस झालेत.

"घेऊन यायचं होतं."

"ती म्हशीगत दाव्याला धरून येतीय व्हय, बाई? तुमीच चला."

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. डुकराकडं गेलेल्या डॉक्टरला मग दुसऱ्याच्या गोठ्यात नाकं मुरडतात, हे रंगरावनं मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. पण रंगराव तिला हाकलत होता आणि त्याला खोटं पाडायची संधी मला सोडवेना. मी लूना काढली. मागं बस म्हटलं तर ती तयार होईना. "तुमी व्हा फुडं," म्हणून ओढ्याच्या वाटेनं निघाली, आणि मी रस्त्यानं फिरून वस्तीवर पोचले तर ती माझ्या आधी दारात उभी.

वस्ती खाणीच्या पायथ्याशी होती. दहा-बारा झोपड्या, चार गाढवं, आणि प्रत्येक झोपडीमागं दगड रचून केलेलं कमरेएवढं कुंपण. तिच्या कुंपणात काळी, लांब नाकाची डुकरीण उभी होती. मला पाहून तिनं असा काही आवाज काढला की मी दोन पावलं मागं सरले. बाईनं आत उतरून तिच्या पोटाला खालून खाजवलं, त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली, आणि ते धूड हळूच कुशीवर कलंडलं. चार काळी पिल्लं कुठूनशी धावत आली आणि पोटाला लागली.

ताप एकशे चार होता. मी सड बघायला लागले. दोन रांगांत पाच-पाच, एकूण दहा. चार सडांना पिल्लं लागलेली, ते मऊ होते. तीन अगदी बारीक, सुकलेले. आणि उरलेले तीन दगडासारखे टणक, लाल, गरम. हात लावला तर डुकरीण ओरडली. चार पिल्लांपैकी एकही त्या भरलेल्या सडांकडं फिरकत नव्हतं, आपलं संपलं तरी ढुशा तिथंच मारत होतं.

हेही मी कॉलेजात पाठ केलं होतं. डुकराची पिल्लं जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत भांडून भांडून आपापला सड ठरवतात, आणि मग दूध सुटेपर्यंत तोच. दुसऱ्याच्याला तोंड लावत नाहीत. जो सड कुणाच्याच वाट्याला येत नाही तो सुकतो.

"तीन पिल्लं कालच मेली वाटतं," मी म्हणाले.

"मेली न्हाईत."

"मग कुठं गेली?"

"मालकानं बाजारात नेली, लोकांस्नी दावायला. लई देखणी व्हती, पट्ट्यापट्ट्याची. दुपारपातूर परत आणतो म्हनला. फारेष्टवाल्यांनी मालकासकट उचलून नेली." ती डुकरिणीच्या कानामागं खाजवत होती. "रातभर कण्हत व्हती ही. म्या कचेरीत गेले तर आत सोडंनात. म्हनलं, निदान हिला तरी दवा आणावी."

मी थर्मामीटर खाली ठेवला.

"ही पिल्लं हिची? पट्ट्यांची?"

"हिचीच की. म्या सोता काढली."

"अहो, पण पट्टे कुठून आले?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टर असून एवढंही कळत नाही, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. मग तिनं सांगितलं. डुकरीण माजावर आली की यल्लाप्पा तिला रानाच्या कडेला खुंटाला बांधून यायचा. सासऱ्यापासूनची रीत. रानातला नर यायचा आणि आपला जायचा. अशी पिल्लं काटक निघतात, आजारी पडत नाहीत. "ह्या टायमाला आमच्या वस्तीतला बी आदी येऊन गेला व्हता. म्हनून चार काळी आन् तीन पट्ट्याची."

मी तिथंच दगडावर बसले. खालच्या शेणमातीचं भान नव्हतं. गावडुक्कर आणि रानडुक्कर ही मुळात एकच जात. माणसानं एकाला दारात बांधलं, दुसरं रानात राहिलं. कायद्याला मात्र त्यांच्यात ठाम रेघ हवी असते: हे पाळा, ते जवळ बाळगलंत तर गुन्हा. ती रेघ काल मी दोन मिनिटांत ओढून दिली होती, आणि त्या रेघेपायी या बाईचा नवरा तीन वाजता कोर्टात उभा राहणार होता.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं.

"दुर्गव्वा."

"दुर्गव्वा, ती पिल्लं रानातली आहेत, असा कागद मीच लिहून दिलाय."

ती मला शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "मंजी तुमी बगितली त्यास्नी? दूध पीत व्हती का?"

मी उठले.

"या तीन सडांतलं दूध आत्ता पिळू नका. मी परत येईपर्यंत तसेच राहू देत."

"दुखतंय की तिला."

"दोन तास कळ काढ म्हणावं. हेच दाखवायचंय मला."

वनकचेरीत पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. कुलथे रेंजर कागदांचा गठ्ठा बांधत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, काल तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत, वन्य. आज धावत येऊन सांगताय, पाळीव. मी कोर्टाला काय सांगू? डॉक्टरांचं रोजचं वेगळं असतं म्हणून?"

"काल मी नुसते पट्टे पाहिले होते."

"आणि आरोपी स्वतः म्हणतोय, रानात सापडली. मी काही त्याला मारून वदवून घेतलेलं नाही."

"बोलवा त्याला."

यल्लाप्पाला आत आणलं. रात्रभर तो जागाच असावा. मी म्हणाले, "यल्लाप्पा, मी तुमच्या वस्तीवर जाऊन आले. दुर्गव्वा भेटली. डुकरीण पाहिली मी."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं होतं, आता हा रडेल, पाया पडेल, खरं बोलेल. तो म्हणाला, "कसली डुकरीण? माज्याकडं डुकरीण न्हाई."

"अहो, मी हातानं तपासली तिला!"

"ती दुसऱ्याची आसंल. पिल्लं रानात घावली. म्या उचलली. काय करायचं ते मला करा."

माझं डोकंच फिरलं. मी याला सोडवायला जिवाचं रान करतेय आणि हा शहाणा आपल्याच गळ्याभोवती फास आवळतोय. रेंजरांनी माझ्याकडं पाहून नुसते हात पसरले.

"साहेब," मी म्हणाले, "पिल्लं कुठं आहेत?"

ती मागच्या खोलीत पाटीतच होती. दोन उभी राहत होती. तिसरं, सगळ्यात बारकं, एका कुशीवर पडून होतं. पोट आत गेलेलं. अंगाला फिनेलचा वास येत होता. गार्ड म्हणाला, गोचीड असतील म्हणून सकाळी पाण्यात फिनेल टाकून धुतलीत. त्यानं कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडं पाहिलं.

"जीप काढा," मी रेंजरांना म्हणाले. "पिल्लं त्या डुकरिणीकडं नेऊ. तिची नसतील तर ती जवळ घेणार नाही. बारा दिवसांची परकी पिल्लं डुकरीण फाडून टाकते. मी चुकले असेन तर लेखी माफी मागते."

"आणि नसलात चुकला तर?"

"तरी मलाच मागायची आहे. कालच्या दाखल्याची."

ते थोडे हसले. घड्याळात पाहिलं. "दोन वाजता मला कोर्टाकडं निघायचंय. पण जे करायचं ते पंचनाम्यानं करू. नंतर कुणी म्हणायला नको, रेंजरनं सोडून दिलं."

जीपमध्ये पुढं रेंजर आणि मी, मागं गार्ड, यल्लाप्पा आणि पाटी. वाटेत खाणीवरचे दोन कामगार पंच म्हणून उचलले. यल्लाप्पा वस्ती जवळ येईल तसा खाली मान घालत गेला. दुर्गव्वा कुंपणाशीच उभी होती. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग पाटीत. बारक्याला पाहून तिच्या तोंडून "अगाई" एवढंच निघालं. तिनं झटकन कुंपणातली मूठभर ओली माती उचलली आणि पिल्लांच्या अंगाला चोळायला गेली.

"थांबा!" रेंजर ओरडले. "हे चालणार नाही. तिच्या अंगाचा वास लावला तर ती कुणाचीही पिल्लं घेईल."

"अवं, पन त्यास्नी त्यो दवाखान्याचा वास येतोय! ती कशी वळकंल?"

"ओळखायला पाहिजे. नाहीतर या परीक्षेला काय अर्थ?"

बरोबर होतं त्यांचं. त्याचंच मला वाईट वाटत होतं. मीच सांगितलेली परीक्षा, आणि ती फिनेलच्या वासापायी फसली असती तर यल्लाप्पा आत गेला असता आणि पिल्लंही जिवानिशी गेली असती.

"दुर्गव्वा," मी म्हणाले, "यांचे सड कुठले, ते आठवतं तुम्हाला?"

"आटवायचं काय त्यात? रोज बगते."

"मग आत्ताच सांगा. पिल्लं सोडायच्या आधी. साहेब, तुम्ही लिहून घ्या."

रेंजरांना ते एकदम पटलं. त्यांनी पेन काढलं. दुर्गव्वानं पाटीकडं बोट दाखवत न अडखळता सांगितलं. थोराड आहे त्याचा वरच्या रांगेतला पहिला, पुढच्या पायाजवळचा. पांढऱ्या खुराची आहे तिचा खालच्या रांगेतला मधला. बारकं आहे त्याचा पार मागचा, वरचा. रेंजरांनी लिहिलं, पंचांचे अंगठे घेतले. मग रेंजरांना हाताला धरून मी डुकरिणीजवळ नेलं आणि भरलेले तीन सड दाखवले. वरचा पहिला, खालचा मधला, वरचा शेवटचा. त्यांनी कागदाकडं पाहिलं, सडांकडं पाहिलं. मग टोपी काढून घाम पुसला.

"सोडा," ते म्हणाले.

दुर्गव्वानं पाटी आडवी केली. थोराड पिल्लू पहिलं बाहेर आलं आणि किंचाळत आईकडं धावलं. डुकरीण उठून उभी राहिली. तिनं नाक लावून हुंगलं आणि एका फटक्यात त्याला उडवून दिलं.

पिल्लू कोलांटी खाऊन उठलं आणि पुन्हा गेलं. पुन्हा तिनं फुरफुर केलं. पांढऱ्या खुराची तिच्या पायांत घुटमळत होती. मी रेंजरांकडं पाहिलं, ते घड्याळाकडं पाहत नव्हते. कुंपणाबाहेर यल्लाप्पा गार्डच्या शेजारी दोन्ही हात तोंडावर धरून उभा होता.

दुर्गव्वा पुढं झाली नाही. जागेवरूनच तिनं सकाळी डुकरिणीला खाजवताना केला होता तोच आवाज काढला, तोंडातल्या तोंडात, लेकराला थोपटताना काढतात तसा. रेंजरांनी तिला अडवलं नाही. डुकरिणीनं कान हलवले. मग तिनं थोराडाला परत हुंगलं, या वेळी पोटाखाली, शेपटीपाशी, बराच वेळ. आणि धप्पदिशी त्याच कुशीवर पडली आणि घुरघुरायला लागली.

तो आवाज मला माहीत होता. दूध सोडायच्या आधी डुकरीण पिल्लांना असं बोलावते. सातही पिल्लं एकदम पोटावर तुटून पडली. दोन क्षण नुसता कालवा, काळे-तपकिरी पाय आणि शेपट्या, काही दिसेना. मग सगळं शांत झालं. कुणी कुणाला ढकललं नाही. थोराड वर पुढच्या पायाजवळ. पांढऱ्या खुराची खाली मधे. बारकं धडपडत, दोनदा पडत, काळ्या भावंडांच्या पाठीवरून सरपटत पार मागं गेलं आणि त्यानं सड तोंडात धरला.

"आलं," रेंजर पुटपुटले. "तिन्ही बरोबर."

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. इतकं हलकं मला पदवी मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं. दोन्ही पंच तर चक्क टाळ्या वाजवत होते. त्यांना पंचनाम्याचं काय ते कळलं नव्हतं, पण बारकं पोचलं एवढं कळलं होतं.

रेंजरांनी जीपच्या बॉनेटवर नवा दाखला पसरला. "कालचा चुकीचा होता, असं लिहावं लागेल. तुमच्या हातानं. वरून विचारणा होईल तुम्हाला."

"होऊ दे."

विचारणा पुढं झालीही. चोवीस तासांत मत का बदललं, याचा खुलासा मागवला. जनावर पाहिल्यामुळे, असं मी लिहून पाठवलं. पण ते नंतर. त्या दुपारी मी 'पाळीव' रकान्यात खूण केली आणि खाली लिहिलं, 'मालकाच्या दारी, मालकाच्या डुकरिणीस जन्मलेली.'

"आणि बापाचं काय?" रेंजर म्हणाले. "बाप तर माझ्या हद्दीतला."

"बापाला रकाना नाही, साहेब."

ते मोठ्यानं हसले. मग गंभीर होऊन यल्लाप्पाकडं वळले. "हे बघ. डुकरीण रानाच्या कडेला बांधायची नाही. पुन्हा दिसली तर मी ऐकायचो नाही. वस्तीतला नर काय वाईट आहे?"

"न्हाई बांधनार, साहेब."

"आणि आता एक सांग. घरात डुकरीण असून नाही म्हणालास. रानातली पिल्लं उचलली म्हणून कबूल झालास. बायको, पोरंबाळं सोडून तुरुंगात जायची एवढी हौस कसली?"

यल्लाप्पा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग दुर्गव्वाकडं न बघता म्हणाला, "बाजारात फारेष्टवाला म्हनला, समदा मुद्देमाल जप्त करनार. म्हनलं, पिल्लांची आई दावली तर तिला बी नेतील. ती हिच्या माहेरची हाय. हिचा बाप मेला, त्याच्या दारातनं एवढं एकच हिनं आणलं व्हतं. म्हनलं, म्या जातो. ती ऱ्हाऊ दे."

गार्डनं त्याच्या दंडाला धरलेला हात काढून घेतला. मी कालचा तो माणूस आठवत होते, पाटीकडं पाहत "तासातासाला दूध लागतंय" म्हणणारा. रानातून पिल्लं उचलून आणणाऱ्याला हे कसं ठाऊक, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

दुर्गव्वा कुंपणाबाहेर आली. हात मातीनं माखलेले. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि मला वाटलं आता ही त्याच्या गळ्यात पडेल.

"आरं बिनडोक्या," ती म्हणाली, "डुकरीण गेली असती तर दुसरी आणली असती. तुला कुटनं आणला असता?"

तिनं पदरानं डोळे टिपले, त्याच पदरानं त्याच्या तोंडावरची धूळ पुसली, जरा जोरातच, आणि त्याला दंडाला धरून झोपडीकडं ओढत म्हणाली, "चल. कालधरनं उपाशी हाईस."